क्लॅटचं लॉजिकल रीझनिंग: ऑप्शनला हात लावायच्या आधी काय करायचं, टप्प्याटप्प्यानं

क्लॅट म्हणजे नॅशनल लॉ युनिव्हर्सिटींची प्रवेश परीक्षा. तिची मॉक, म्हणजे सराव परीक्षा, झाल्यावरची तक्रार ठरलेली असते, "दोन ऑप्शनपर्यंत आलो होतो, नेमका चुकीचा मारला". आणि मग सगळे विचारतात की शेवटच्या दोनातून निवडायची ट्रिक काय. तशी ट्रिक नाहीये. दोन ऑप्शन सारखे वाटतात कारण पॅसेज वाचताना लेखकाला नेमकं काय पटवायचंय आणि तो कुठे उडी मारतोय हे पकडलेलंच नसतं, मग आपण ऑप्शन वाचत वाचत विचार करायला लागतो, आणि चारातले तीन ऑप्शन तर पेपर काढणाऱ्यानं आपल्याला भरकटवायलाच लिहिलेले असतात. सगळा घोळ क्रमाचा आहे. तो क्रम खाली देतोय, उदाहरण सगळीकडे एकच घेतलंय म्हणजे धागा सुटणार नाही.

आधी पेपरचा हिशोब. क्लॅट युजीला (बारावीनंतरच्या प्रवेशाची क्लॅट) सध्या १२० प्रश्न, १२० मिनिटं, बरोबरला १ मार्क आणि चुकीला ०.२५ वजा. लॉजिकलचे प्रश्न २२ ते २६, म्हणजे साधारण पाचवा हिस्सा. साधारण ४५० शब्दांपर्यंतचा पॅसेज आणि त्याखाली प्रश्नांचा गुच्छ. पेपर इंग्रजीत, उत्तरं ओएमआर शीटवर.

## टप्पा १: तयारी, घड्याळ न लावता

पहिली गोष्ट, साहित्य. कन्सोर्टियमच्या (क्लॅट घेणारी लॉ युनिव्हर्सिटींची संस्था) साइटवर मागचे पेपर आणि सॅम्पल पेपर आहेत, सुरुवात तिथून करा. २०२० पासून पेपर पॅसेजवर आलाय, त्यामुळे घरात दादाताईची जुनी जाड पुस्तकं असतील, कोडिंग-डिकोडिंग आणि रक्ताच्या नात्यांची, तर ती मुख्य तयारी समजू नका. अगदी रद्दीतही घालू नका, कारण सिलॅबसमध्ये नातेसंबंध आणि ॲनॅलॉजीचा उल्लेख आहे आणि एखादं मांडणीचं कोडं समोर आलं तर हात बसलेला बरा. पण आठवड्यातून एखादा तास, त्याहून जास्त नाही.

जास्तीची प्रॅक्टिस हवी असेल तर अमेरिकेतल्या एलसॅटचे (तिथली लॉ प्रवेश परीक्षा) लॉजिकल रीझनिंगचे प्रश्न उत्तम आहेत. तिथे छोटा परिच्छेद, एक प्रश्न आणि पाच ऑप्शन असतात, निगेटिव्ह मार्किंग नसतं. विचार करायची सवय लावायला ते छान आहेत पण क्लॅटच्या लांब पॅसेजचा दम त्यातून येत नाही. आणि त्यांचा लॉजिक गेम्सचा सेक्शन ऑगस्ट २०२४ पासून बंद झालाय, तेव्हा जुन्या सेटमधले ते गेम्स सोडवत बसू नका.

दुसरी गोष्ट, रोज एक संपादकीय. पूर्ण वाचायचं, मिटून ठेवायचं, आणि "हा माणूस म्हणतोय काय?" याचं उत्तर एका वाक्यात लिहायचं. मराठीत लिहिलं तरी चालेल, चालेल काय, चांगलंच आहे, कारण इंग्रजी वाक्य जसंच्या तसं उतरवता येतं पण मराठीत सांगायला समजावंच लागतं. मात्र जोडशब्द इंग्रजीतलेच पक्के करा. 'सिन्स' आणि 'बिकॉज' च्या नंतर कारण येतं, 'देअरफोर' आणि 'हेन्स' च्या नंतर निष्कर्ष, 'हाऊएव्हर' आणि 'येट' दिसलं की लेखक वळतोय. 'ऑल्दो' नं सुरू झालेल्या वाक्यात लेखकाचं खरं म्हणणं बहुतेकदा स्वल्पविरामाच्या नंतर असतं.

सावध: पहिले दोन-तीन आठवडे टायमर लावू नका. चुकीची पद्धत वेगानं करायला शिकलं की ती मोडायला दुप्पट त्रास होतो.

## टप्पा २: प्रश्नाची ओळ वाचा, ऑप्शन नाही

पॅसेजच्या आधी खालच्या प्रश्नांच्या फक्त ओळींवर नजर टाका, पंधरा-वीस सेकंद. काहीजण म्हणतात याची गरज नाही, आणि ज्यांचं वाचन पक्कं आहे त्यांना खरंच नसेल, पण सुरुवातीला याचा फायदा होतो कारण कन्क्लुजन (लेखकाचा निष्कर्ष) विचारलंय का, असम्प्शन (त्यानं न सांगता गृहीत धरलेली गोष्ट) विचारलंय का, हे डोक्यात ठेवून वाचलं की डोळे योग्य जागी थांबतात. 'एक्सेप्ट', 'नॉट', 'लीस्ट' हे शब्द दिसले की तिथल्या तिथे पेन्सिलनं गोल करा. "खालीलपैकी कोणतं विधान युक्तिवाद कमकुवत करत नाही" हा प्रश्न "करतं" असा वाचून मार्क घालवणारे दर मॉकला दिसतात.

ऑप्शन मात्र अजिबात नाही. एकदा वाचले की ते डोक्यात बसतात, आणि मग पॅसेजमध्ये नसलेली गोष्टही आपण तिथे वाचल्यासारखी वाटते.

## टप्पा ३: पॅसेज फोडा

आता उदाहरण. समजा पॅसेजचा गाभा असा आहे:

*"एका विद्यापीठानं परीक्षा ओपन-बुक केल्या. पुढच्याच वर्षी नापास होणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. काही प्राध्यापकांना वाटतं की यामुळे मुलांची अभ्यासाची सवय सुटेल. पण पाठांतराचं ओझं गेल्यामुळे विद्यार्थ्यांना विषय जास्त चांगला समजायला लागला हे निकालावरून उघड आहे. इतर विद्यापीठांनीही हा बदल करायला हवा."*

यात पाच वाक्यं आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे. पहिलं पार्श्वभूमी. दुसरं प्रिमाइस, म्हणजे पुरावा. तिसरं विरोधकांचं मत, लेखकाचं नाही. चौथं मधला निष्कर्ष: विषय जास्त समजला. पाचवं मुख्य कन्क्लुजन: इतरांनीही करावं.

कन्क्लुजन सापडत नसेल तर वाक्याला "का?" विचारा. "इतर विद्यापीठांनी का करावं?" याचं उत्तर पॅसेजमध्ये मिळतं, विषय जास्त समजतो म्हणून. "नापासांचं प्रमाण कमी झालं असं का मानायचं?" याला पॅसेज काही उत्तर देत नाही, ती सरळ सांगितलेली माहिती आहे. ज्या वाक्याला "का" चं उत्तर मिळतं पण जे स्वतः पुढच्या कुठल्या "का" चं उत्तर होत नाही, ते मुख्य कन्क्लुजन. चौथं वाक्य दोन्ही कामं करतं, त्याला आधारही आहे आणि ते पाचव्याला आधारही देतं, म्हणून ते मधलं. सगळ्यात जास्त चुका नेमक्या इथे होतात, मुलं मधला निष्कर्ष मुख्य समजून टिक करतात कारण 'हे उघड आहे' असलं जोरदार बोलणं तिथे असतं.

कन्क्लुजन शेवटच्या ओळीतच असतं हे डोक्यातून काढा. पहिल्या ओळीत येतं, मध्ये 'पण' च्या मागे लपतं, कधी तर प्रश्नार्थक वाक्यात असतं.

चेक: समासात तीनच खुणा पुरेत, कन्क्लुजनला 'क', पुराव्याला 'प', दुसऱ्याच्या मताला 'दु'. अख्खा पॅसेज अंडरलाइन झाला असेल तर तुम्ही काहीच वेगळं केलेलं नाही.

## टप्पा ४: फट शोधा

पुराव्यापासून निष्कर्षापर्यंत जाताना लेखक काहीतरी गृहीत धरतोच. ऑप्शन बघायच्या आधी स्वतःला विचारा, "पुरावा शंभर टक्के खरा मानला तरी निष्कर्ष कसा खोटा ठरू शकेल?" पुराव्यावर शंका घ्यायची नाही, ती जवळपास सगळ्यांची पहिली चूक. नापासांचं प्रमाण निम्म्यावर आलं हे दिलंय, ते खरंच. वाद उडीवर घालायचा.

आपल्या उदाहरणात दोन उड्या आहेत. पहिली, नापास कमी म्हणजे विषय जास्त समजला. पेपर सोपे काढले असतील तर? तपासणी सैल झाली असेल तर? त्या वर्षीची बॅचच हुशार असेल तर? दुसरी, इथे चाललं म्हणजे सगळीकडे चालेल. दुसरीकडचे विषय वेगळे असतील, वर्ग मोठे असतील. एवढं डोक्यात आलं की अर्धे प्रश्न सुटल्यात जमा आहेत.

## टप्पा ५: आता प्रश्नाच्या प्रकाराप्रमाणे

असम्प्शन. इथे उलटवून बघायची पद्धत वापरा. ऑप्शनच्या विरुद्ध विधान करा, युक्तिवाद कोसळला तर तो ऑप्शन बरोबर. समजा ऑप्शन असे आहेत:

क) विद्यार्थ्यांना ओपन-बुक परीक्षा जास्त आवडते.
ख) ओपन-बुक केल्यानंतरचे पेपर आधीच्यांपेक्षा सोपे नव्हते.
ग) पाठांतराचा कोणत्याच विद्यार्थ्याला कधीच उपयोग होत नाही.
घ) इतर विद्यापीठांतले बहुतेक प्राध्यापक या बदलाला तयार आहेत.

'क' उलटवा, आवडत नाही. बरं, मग? लेखक आवडीबद्दल बोलतच नाहीये. 'ग' उलटवा, काहींना कधीतरी उपयोग होतो. युक्तिवाद तसाच उभा आहे. 'घ' वर भरपूर जण फसतात, पण लेखक "करायला हवं" म्हणतोय, लोक तयार आहेत का हा वेगळा विषय आहे आणि तयार नसले तरी करायला हवं असं म्हणता येतंच. 'ख' उलटवा, पेपर सोपे होते. झालं, नापास कमी होण्याला दुसरंच कारण मिळालं आणि "विषय समजला" चा आधार गेला. उत्तर 'ख'.

सावध: उलटवताना टोकाला जाऊ नका. 'सगळे' चं उलट 'सगळे नाहीत', म्हणजे एखादा तरी सुटला. 'कोणीच नाही' हे त्याचं उलट नाही. आणि 'काही' चं उलट मात्र 'एकही नाही'. इथे गडबड झाली की टेस्ट चुकीचं उत्तर देते आणि मुलं म्हणतात पद्धतच बेकार आहे.

वीकन आणि स्ट्रेंग्दन, म्हणजे युक्तिवाद कमकुवत किंवा भक्कम करणं. ऑप्शन खरा मानूनच चालायचं, "असं कुठे असतं का" म्हणायचं नाही, प्रश्नातच 'इफ ट्रू' लिहिलेलं असतं. नव्या माहितीनं फट मोठी झाली की वीकन, बुजली की स्ट्रेंग्दन. "त्याच वर्षी विद्यापीठानं पासिंगचे मार्क ४० वरून ३५ केले" हा तगडा वीकन, कारण निकालाला दुसरं कारण मिळालं. "याच विद्यार्थ्यांनी पुढच्या वर्षी पुस्तक न वापरता दिलेल्या परीक्षेतही आधीच्या बॅचपेक्षा चांगले मार्क मिळवले" हा चांगला स्ट्रेंग्दन, समज खरंच वाढली असावी असं त्यातून दिसतं. पूर्ण सिद्ध करायची गरज नाही, काटा थोडा हलला तरी पुरे.

इथे एक बारीक गोष्ट आहे आणि ती फार कमी जण बघतात. समजा ऑप्शन आहे, "ओपन-बुक पेपर तपासायला दुप्पट वेळ लागतो". याला वीकन म्हणायचं का? प्रश्न "इतर विद्यापीठांनी करावं" या शिफारशीबद्दल असेल तर थोडाफार हो, कारण खर्च वाढला. पण प्रश्न "विषय जास्त समजला" या दाव्याबद्दल असेल तर तपासणीच्या वेळेचा काहीच संबंध नाही. म्हणून कुठला निष्कर्ष पाडायचाय हे प्रश्नातून परत वाचून घ्या, लांब पॅसेजमध्ये एकापेक्षा जास्त दावे असतातच.

इन्फरन्स, म्हणजे पॅसेजमधून काय निघतं. इथे डोक्याची दिशाच बदलावी लागते. आतापर्यंत आपण लेखकावर शंका घेत होतो, आता त्यानं दिलेलं सगळं मान्य करून "मग नक्की खरं काय?" एवढंच बघायचं. 'नक्की' हा शब्द महत्त्वाचा. "नापास विद्यार्थ्यांची संख्या कमी झाली" हा ऑप्शन एकदम बरोबर वाटतो ना? चूक. पॅसेजमध्ये प्रमाण निम्मं झालंय, संख्या नाही. परीक्षेला बसणारे तिप्पट झाले असतील तर प्रमाण निम्मं होऊनही नापासांची संख्या वाढलेली असेल. टक्के आणि संख्या यांची अदलाबदल हा जुना सापळा आहे, तरी दरवेळी चालतो. "या बदलाच्या परिणामांबद्दल शंका असलेले प्राध्यापक आहेत" हा ऑप्शन मात्र मिळमिळीत वाटला तरी पॅसेजमधून थेट निघतो. इन्फरन्सचं बरोबर उत्तर बहुतेकदा असंच, कंटाळवाणं आणि जपून बोलणारं असतं.

याच प्रकारात अटींची वाक्यं येतात. "रजिस्ट्रेशन केलं असेल तरच परीक्षेला बसता येतं" यातून एवढंच निघतं की जो बसला त्यानं रजिस्ट्रेशन केलेलं आहे, आणि ज्यानं केलं नाही तो बसला नाही. ज्यानं रजिस्ट्रेशन केलं तो बसलाच असेल हे निघत नाही. इंग्रजीत हे 'ओन्ली इफ' नं येतं आणि 'इफ' आणि 'ओन्ली इफ' मधला फरक न बघता पुढे जाणं महागात पडतं. 'अनलेस' आलं तर त्याजागी 'इफ नॉट' घालून वाचा: "नोटीस दिली नाही तर करार संपत नाही". म्हणजे करार संपला असेल तर नोटीस दिलीच होती. पण नोटीस दिली म्हणून करार संपलाच असं नाही. बाणानं लिहा (करार संपला → नोटीस दिली), बाण उलटा फिरवायचा तर दोन्ही बाजूंना 'नाही' लावूनच फिरवा. हे लीगल रीझनिंगलाही तसंच्या तसं कामाला येतं.

फ्लॉ, म्हणजे युक्तिवादातली चूक. चूक काय आहे हे आधी स्वतःच्या शब्दांत बोला मग ऑप्शन वाचा, कारण ऑप्शनची भाषा मुद्दाम अवघड असते. नेहमीचे प्रकार हातावर मोजण्याइतकेच आहेत: एकामागून एक घडलं म्हणून कारण मानणं, थोड्यांवरून सगळ्यांबद्दल बोलणं, मुद्दा सोडून माणसावर घसरणं, जे सिद्ध करायचं तेच पुरावा म्हणून देणं, आणि खोटं ठरलं नाही म्हणून खरं मानणं. एक लक्षात ठेवा, ऑप्शनमध्ये सांगितलेली चूक खऱ्या आयुष्यात चूक असेलही, पण ती या पॅसेजमध्ये झालीये का हे बघायचं.

पॅरलल आणि पॅराडॉक्स. पॅरललमध्ये तशाच रचनेचा दुसरा युक्तिवाद शोधायचा असतो, म्हणून विषय विसरून सांगाडा बघा, अक्षरांत लिहिता आला तर उत्तम. ज्या ऑप्शनचा विषय मूळ पॅसेजसारखाच आहे त्याच्याकडे जरा संशयानं बघा. पॅराडॉक्समध्ये विसंगत वाटणाऱ्या दोन्ही गोष्टी खऱ्या ठेवून मध्ये बसेल असं कारण हवं, एक बाजू खोटी पाडणारा ऑप्शन बाद.

## टप्पा ६: ऑप्शन कापा

मनात ढोबळ उत्तर तयार ठेवून ऑप्शनकडे या, आणि बरोबर शोधण्याऐवजी चुकीचे कापत जा. कापायचं कारण एका शब्दात सांगता आलं पाहिजे. टोकाचा: 'नेहमी', 'फक्त', 'कोणताही नाही' असे शब्द, आणि पॅसेज तेवढं बोललेला नाही (पॅसेजच टोकाचं बोलत असेल तर मात्र असा ऑप्शन बरोबर असू शकतो, डोळे झाकून कापू नका). बाहेरचा: पॅसेजमध्ये नसलेला विषय, पण थांबा, वीकन-स्ट्रेंग्दनमध्ये नवी माहिती येणारच, तिथे 'बाहेरचा' म्हणून कापणं ही चूक आहे. उलटा: वीकन विचारलंय आणि हा स्ट्रेंग्दन करतोय. अर्धा: पहिला भाग बरोबर, शेवटचे तीन शब्द चुकीचे. आणि सगळ्यात धोकादायक, जगात खरा असलेला. आपल्याला तो विषय माहीत असतो, मत असतं, आणि आपण पॅसेज सोडून आपल्या मताला मार्क देतो.

दोन उरले तर दोघांतला फरक असलेला शब्द शोधा आणि फक्त त्या शब्दासाठी पॅसेजमध्ये परत जा. अख्खा पॅसेज पुन्हा वाचायचा नाही.

## टप्पा ७: वेळ आणि अंदाज

लॉजिकलला २८ ते ३० मिनिटं धरा, एका पॅसेजला प्रश्नांसकट सहा-सात मिनिटं. त्यातली दोन-अडीच मिनिटं वाचन आणि खुणांना गेली तर घाबरू नका, ती प्रश्नांमध्ये वसूल होतात. एका प्रश्नावर दीड मिनिट गेलं की खूण करून पुढे.

अंदाज मारायचा की नाही यावर फार वाद होतात, गणित करून टाका. एकही ऑप्शन न कापता मारलं तर सरासरी मिळकत प्रश्नामागे सुमारे ०.०६, म्हणजे जवळपास शून्य. एक कापला तर ०.१७. दोन कापले तर ०.३७५. म्हणजे दोन कापून झालेला प्रश्न कोरा सोडणं हे नुकसानच आहे, आणि एकही कापता येत नसलेल्या प्रश्नावर वेळ घालवणं हेही.

चेक: एका पॅसेजचे प्रश्न झाले की लगेच ओएमआर भरा, नंबर जुळवून. मधला प्रश्न सोडला असेल तर शीटवरची पुढची सगळी ओळ एका घरानं सरकते, आणि ते शेवटच्या पाच मिनिटांत कळून काही उपयोग नसतो.

## टप्पा ८: मॉकनंतरचं काम

उत्तरं बघायच्या आधी ज्या प्रश्नांवर शंका होती ते टायमरशिवाय पुन्हा सोडवा, आणि मगच चेक करा. वेळ मिळाल्यावर बरोबर आला तर प्रॉब्लेम वेगाचा. तरीही चुकला तर पद्धतीचा. दोन्हींचा इलाज वेगळा आहे आणि नुसता स्कोअर बघून हे कळत नाही.

चुकांच्या वहीत चार रकाने पुरतात: प्रश्नाचा प्रकार, मी कुठला ऑप्शन निवडला, तो मला का बरोबर वाटला, तो नेमक्या कुठल्या शब्दामुळे चुकीचा. तिसरा रकाना सगळेजण रिकामा सोडतात किंवा 'सिली मिस्टेक' लिहून मोकळे होतात. सिली मिस्टेक लिहायला बंदी. 'एक्सेप्ट वाचलं नाही', 'मधला निष्कर्ष मुख्य धरला', 'संख्या आणि प्रमाण एक समजलो' असं लिहा, तीन-चार मॉकनंतर तीच ती दोन-तीन कारणं परत परत दिसायला लागतील आणि पुढच्या आठवड्याची प्रॅक्टिस त्याच प्रकारांची घ्यायची. बरोबर आलेले पण अंदाजानं मारलेले प्रश्नही याच वहीत जातात, ते चुकलेलेच धरा.